भुवईचा केस आणि गाइडिंगचा ग्राफ

दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढणाऱ्या आपल्या मंडळींत एक खोड वाढत चालली आहे. फोटोतले तारे गोल न येता तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले, की एखादा नवखा विचारतो, काय बिघडले असेल? पाच मिनिटांत दोन उत्तरे हजर होतात. एक, "माझ्या सेटिंग्ज पाठवतो, त्याच टाक." दुसरे, "हा माउंटच बेकार आहे, विकून टाक आणि चांगला घे." त्याने काय पाहिले, किती वेळ पाहिले, ग्राफ कुठल्या दिशेला उसळतो, हे कोणी विचारत नाही. माझे भांडण या दोन्ही उत्तरांशी आहे. पहिल्याने माणूस आंधळा होतो, दुसऱ्याने कंगाल. आणि ज्यांच्या खिशात आधीच फार काही नाही, त्यांना हा छंद सोडायला लावणारे दुसरे उत्तरच असते.

ज्यांनी हा उद्योग केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत फिरते, त्यामुळे आकाश दर सेकंदाला पंधरा आर्कसेकंद सरकते. एका अंशाचा ३६००वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद. दोन किलोमीटरवर ठेवलेली एक सेंटीमीटरची वस्तू डोळ्याला साधारण एवढीच भरेल. तीन मिनिटांचे एक्स्पोजर घ्यायचे तर तेवढ्यात आकाश चंद्राच्या दीड पट रुंदीइतके पुढे गेलेले असते. म्हणून दुर्बीण अशा माउंटवर बसवतात, ज्याचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि जो आकाशाच्या वेगाने फिरत राहतो. फिरवण्याचे काम एक दातेरी चाक आणि त्याला चिकटून असलेला आट्यांचा दांडा करतो. त्या दांड्याला वर्म म्हणतात. तो कधीच पूर्ण निर्दोष नसतो. चाकाला १८० दात असतील तर वर्मचा एक फेरा सुमारे ४७९ सेकंदांत, म्हणजे आठ मिनिटांत पुरा होतो, आणि दर फेऱ्यात दुर्बीण तीच चूक पुन्हा करते. थोडी पुढे जाते, थोडी मागे राहते. मध्यम किमतीच्या माउंटमध्ये ही चूक दोन्ही बाजूंना दहा-वीस आर्कसेकंदांची असू शकते.

त्यावर उपाय म्हणजे गाइडिंग. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवायचा. तो एका ताऱ्यावर नजर ठेवतो, तारा जागेवरून हलला की लॅपटॉप माउंटला हळूच ढकलून परत आणतो. हे काम करणारे सर्वांत प्रचलित सॉफ्टवेअर, पीएचडी-टू, फुकट मिळते. त्या तीन अक्षरांचा डॉक्टरेटशी संबंध नाही. ती 'पुश हिअर, डमी'ची आद्याक्षरे आहेत, म्हणजे 'इथे दाब, येड्या'. क्रेग स्टार्क यांनी मूळ सॉफ्टवेअर लिहिले तेव्हा नाव गमतीने ठेवले होते. आपल्याकडे काहींनी तो आदेश समजून पाळला.

आता पहिले उत्तर घेऊ. आमच्याकडे एक जुना शब्द आहे, तक्लीद. पुरावा न विचारता कोणाच्या तरी मागे जाणे. त्याच्यासमोर उभा असलेला शब्द तहकीक, स्वतः शोधून खात्री करून घेणे. फिकहमध्ये तक्लीदला किती जागा असावी हा वाद शेकडो वर्षांचा आहे, तो मी इथे उघडणार नाही. सामान्य माणसाने प्रत्येक मसल्यात स्वतः इज्तिहाद करावा असे कोणी म्हणत नाही. पण गाइडिंगमध्ये तक्लीदला तसूभरही जागा नाही आणि त्याचे कारण साधे गणित आहे.

कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला २०६ ने गुणा, दुर्बिणीच्या मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागा. एका पिक्सेलवर आकाशाचे किती आर्कसेकंद मावतात ते कळते. ३.७६ मायक्रॉनचा कॅमेरा ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला लावला तर उत्तर १.९४ येते. तोच कॅमेरा १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीला लावला तर ०.७८. म्हणजे एकच आर्कसेकंदाची थरथर पहिल्याच्या फोटोत अर्ध्या पिक्सेलमध्ये विरघळून जाईल आणि दुसऱ्याच्या फोटोत ताऱ्याचे अंडे करील. यात गाइड कॅमेऱ्याचा पिक्सेल वेगळा, गाइड दुर्बिणीची लांबी वेगळी, गावची हवा वेगळी. शिवाय आजकाल स्ट्रेन वेव्ह गिअरचे हलके माउंट आले आहेत. त्यांना काउंटरवेट बहुधा लागत नाही, दात्यांमधली ढिलाई जवळपास नसते, पण त्यांची नियतकालिक चूक मोठी असते आणि वेगाने बदलते. त्यांना अर्ध्या-एक सेकंदाला दुरुस्ती हवी असते. जुन्या वर्मवाल्या माउंटला तशीच घाई केली तर तो हवेच्या थरथरीमागे धावत सुटतो. एकाचे औषध दुसऱ्याला विष, अशी ही परिस्थिती. तरीही 'माझा अग्रेसिव्हनेस सत्तर आहे, तूही सत्तर कर' हे चालूच आहे. अरे भावा, तुझ्या चष्म्याचा नंबर त्याला कसा चालेल?

जुन्या अरबी चरित्रग्रंथांत एक किस्सा सांगितला जातो. लोक रमजानचा चाँद पाहायला जमले होते. त्यांत हजरत अनस इब्न मालिक (रजि.) होते, वय शंभरीच्या आसपास. ते म्हणाले, मला चाँद दिसला, तो पाहा तिथे. बाकी कोणालाच काही दिसेना. आता पंचाईत. एवढ्या मोठ्या माणसाला, रसूलुल्लाहांच्या (सल्ल.) सहवासात राहिलेल्या सहाबीला, तुम्ही चुकताहात असे कोण म्हणणार? तिथे इयास इब्न मुआविया होते, बसऱ्याचे काझी, तल्लख बुद्धीसाठी प्रसिद्ध. त्यांनी पाहिले की अनस यांच्या भुवईचा एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला आहे. त्यांनी अदबीने तो केस नीट केला आणि म्हणाले, आता दाखवा, चाँद कुठे आहे? अनस म्हणाले, आता दिसत नाही.

हा किस्सा मी वर्गात भाषेच्या तासाला सांगत आलो आहे, पण गाइडिंगवर लिहिताना तो जास्त उपयोगी पडतो. इयासनी वाद घातला नाही. साक्षीदाराला खोटे ठरवले नाही. आपला चाँद कुठे दिसतो तेही सांगितले नाही. त्यांनी एक, फक्त एक गोष्ट बदलली आणि पुन्हा पाहायला सांगितले.

आपण काय करतो? तारे लांबट आले की एकाच रात्रीत ध्रुव पुन्हा साधतो, बॅलन्स बदलतो, एक्स्पोजर दोनाचे चार सेकंद करतो, अल्गोरिदम बदलतो आणि वर नवी केबलही लावतो. मग सुधारले तर कशाने सुधारले ते कळत नाही, आणि बिघडले तर कशाने बिघडले तेही नाही. पुढच्या अमावास्येला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

इथे सर्वांत आधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो जवळपास कोणीच विचारत नाही. दोष गाइडिंगचा आहे हे ठरवले कोणी? पाच-दहा सेकंदांचे छोटे एक्स्पोजर घ्या. त्यातही तारे सगळीकडे लांबट असतील तर बिचाऱ्या गाइडिंगचा संबंध कमी, आधी फोकस आणि दुर्बिणीच्या आरशांची किंवा भिंगांची जुळणी पाहा. फक्त कोपऱ्यांत लांबट असतील तर कॅमेरा तिरपा बसला आहे किंवा त्याचे भिंगापासूनचे अंतर चुकले आहे. छोट्या एक्स्पोजरमध्ये गोल, मोठ्यात लांबट, आणि सगळ्या चित्रभर एकाच दिशेला, असे असेल तर आणि तरच गाइडिंगकडे बोट दाखवा. एवढी दहा मिनिटांची चाचणी न करता लोक महिनोन्‌महिने माउंटला फाशी देतात.

त्यानंतर गाइडिंग बंद करायचे. हो, बंद. पीएचडी-टूमध्ये 'गाइडिंग असिस्टंट' नावाची सोय आहे. ती दुरुस्त्या थांबवते आणि तारा मोकळा सोडून नुसते पाहत राहते. किमान एक वर्मचा फेरा, म्हणजे आठ-दहा मिनिटे, तिला पाहू द्या. जमले तर दोन-तीन फेरे. रोग्याला औषध देत देत त्याचा ताप मोजायचा नसतो. दुरुस्त्या चालू असताना दिसणारा ग्राफ म्हणजे माउंटची चूक, हवेची थरथर आणि आपल्याच ढकलण्याची चूक यांची खिचडी. दुरुस्त्या थांबल्या की ती वेगवेगळी दिसू लागते. विषुवांशात, ज्याला सगळे आरए म्हणतात, दर आठ मिनिटांनी तीच लाट आली तर वर्म. त्याहून छोट्या पण ठरावीक अंतराने तीच उसळी आली तर त्यामागचा एखादा गिअर किंवा दात्यात अडकलेला कण. क्रांती, म्हणजे डेक, या दिशेला मोटर चालतच नसते, त्यामुळे तिथे एकसारखी संथ घसरण दिसली तर ध्रुव नीट साधलेला नाही. आणि कुठल्याही वेळापत्रकात न बसणारा, अचानक येणारा झटका असेल तर दोष आतला नसून बाहेरचा असण्याचीच शक्यता जास्त. वारा, केबल, शेजाऱ्याची पावले, नाहीतर व्होल्टेज पडलेली बॅटरी.

ध्रुवाबद्दल थोडे जास्तच बोलतो, कारण इथे माणसे रात्री वाया घालवतात. आपल्याकडे ध्रुव तारा खाली असतो. मालेगावात साडेवीस अंशांवर, सोलापुरात पावणेअठरा. तेवढ्या उंचीवर वातावरणच त्याला अडीच-तीन आर्कमिनिटे वर उचलून दाखवते. वर समोर कोणाच्या तरी पाण्याची टाकी. आणि आमची मंडळी आर्कसेकंदांपर्यंत ध्रुव साधायचा म्हणून स्क्रू पिळत बसतात, तोवर मृग पश्चिमेला कलतो. हिशेब करून पाहा. ध्रुव साधण्यात पाच आर्कमिनिटांची चूक राहिली तर ताऱ्याची घसरण मिनिटाला जास्तीत जास्त सव्वा आर्कसेकंदाच्या आसपास होते. गाइडिंग ती हसत हसत ओढून घेते. उलट थोडी घसरण राहिलेली बरी. डेकच्या गिअरमध्ये ढिलाई असते. दिशा बदलली की मोटर फिरते पण काही सेकंद दुर्बीण हलतच नाही, आणि मग एकदम उडी मारते. घसरण एकाच दिशेने असेल तर दुरुस्तीही एकाच दिशेने द्यावी लागते, ढिलाईला हात लागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये डेकच्या दुरुस्त्या फक्त उत्तरेला किंवा फक्त दक्षिणेला ठेवण्याची सोय याचसाठी आहे. आरएच्या बाजूला जुने लोक पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवतात तेही याच कारणाने, दाते एका अंगाला टेकून राहावेत म्हणून. यातले काहीही विकत घ्यावे लागत नाही.

आता दुसरे उत्तर, 'विकून टाक'. माझा एक माजी विद्यार्थी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दीड वर्ष पैसे साठवून त्याने एक जुना माउंट घेतला. विकणाऱ्याने स्वस्तात दिला, कारण त्यालाही सांगण्यात आले होते की हा गाइड होत नाही. मुलगा अमावास्येच्या आगेमागे मित्राच्या गाडीत सामान टाकून गावाबाहेर चाळीस किलोमीटर जातो. शहरातल्या गच्चीवर प्रकाश तर आहेच, शिवाय रात्री दोन वाजता नळकांडे आणि लाल दिवा घेऊन बसलेला दाढीवाला तरुण म्हटले की शेजारपाजारच्यांना तारे सोडून भलतेच काही दिसू लागते. ते असो. त्याचा ग्राफ दहा-पंधरा मिनिटे चांगला चालायचा आणि मग दोन्ही रेषा एकदम उसळायच्या. एक्स्पोजर वाया. तो माझ्याकडे आला तेव्हा माउंट विकायच्या बेतात होता.

"सर, सगळे म्हणतात माउंटच खराब आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

"ग्रुपवरचे सीनिअर लोक. एकाने तर मॉडेलपण सांगितलं, नवीन घे म्हणून."

"त्यांनी लॉग पाहिला?"

"नाही सर. ग्राफचा फोटो पाठवला होता."

नवा माउंट म्हणजे लाखाच्या वरचा आकडा. त्याच्या घरात बहिणीचे शिक्षण चालू आहे. आणि सल्ला देणाऱ्यांनी पाहिले होते काय, तर शंभर सेकंदांच्या ग्राफचा एक फोटो.

पीएचडी-टू प्रत्येक रात्रीचा लॉग आपोआप लिहून ठेवते. प्रत्येक दुरुस्ती, तिची वेळ, दिशा, सगळे. आम्ही तीन रात्रींचे लॉग समोर ठेवून बसलो. झटक्यांच्या वेळा आठ मिनिटांच्या पटीत नव्हत्या. वर्म सुटला. दोन्ही अक्ष एकाच क्षणी उसळत होते. एका गिअरमुळे दोन्ही अक्ष कशाला उसळतील? मग त्याने वेळांच्या शेजारी दुर्बीण तेव्हा कुठे रोखलेली होती ते लिहिले, आणि चित्र स्पष्ट झाले. झटके फक्त पश्चिमेकडच्या एका पट्ट्यात होते. त्या पट्ट्यात दुर्बीण कलली की मुख्य कॅमेऱ्याची जाड यूएसबी केबल खाली लोंबून ट्रायपॉडच्या नटाला अडायची, हळूहळू ताणली जायची आणि मग सुटायची. सुटली की झटका. ती केबल माउंटबरोबरच आली होती, म्हणजे आधीच्या मालकाने तो माउंट याच केबलपायी विकला असण्याचा दाट संभव आहे. शिंप्याकडून वेल्क्रोची पट्टी आणली, केबल माउंटच्या डोक्यावर अक्षाजवळ बांधली आणि तिथून सैल वळण देऊन खाली सोडली. पुढच्या फेरीत त्याने काढलेल्या एक्स्पोजरपैकी एकही त्या झटक्यात गेले नाही.

भुवईचा केस तो हाच.

दुसरी तऱ्हा याच्या बरोब्बर उलटी, आणि ती जास्त फसवी. ओळखीच्या एका डॉक्टरांनी मला एकदा मोठ्या अभिमानाने त्यांचा ग्राफ दाखवला. पट्टीने ओढावी अशी सरळ रेषा. एकूण चूक, ज्याला आरएमएस म्हणतात, इतकी कमी की डोंगरावरच्या वेधशाळांनी लाजावे. फोटोत मात्र तारे नव्हतेच, रेघा होत्या. ते लेन्सला दोष देत होते. मी म्हटले, डॉक्टरसाहेब, गाइडचा तारा जरा दाखवा. तो तारा नव्हता. गाइड कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एक तापलेला पिक्सेल होता, जो कायम पांढरा दिसतो. सॉफ्टवेअर त्याला तारा समजून धरून बसले होते. कॅलिब्रेशन जुने, साठवलेले वापरल्यामुळे तिथेही कोणी हटकले नाही. नवीन कॅलिब्रेशन केले असते तर तारा ढकलूनही हलत नाही अशी तक्रार लगेच आली असती. पिक्सेल हलत नाही, त्यामुळे चूक शून्य. डार्क फ्रेमची लायब्ररी करून घेतली की हे भूत उतरते. त्यांनी ती करून घेतली.

पण या प्रकरणामागचा मोठा दोष पिक्सेलचा नाही. आकड्याची पूजा हा खरा दोष आहे. 'माझा आरएमएस शून्य पूर्णांक पाच, तुझा किती?' अशी चढाओढ लागली आहे. तो आकडा आर्कसेकंदात आहे की पिक्सेलमध्ये हेसुद्धा कित्येकदा सांगत नाहीत. कुठल्या उंचीवरचा तारा, हवा कशी होती, काही नाही. तापलेल्या गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतो. त्या हवेतून पाहिलेला तारा जागच्या जागी नाचतो, आणि तो नाच कुठलाही माउंट थांबवू शकत नाही. अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजर ठेवून त्या नाचामागे वर्मवाल्या माउंटला पळवले तर दुरुस्ती पोचेपर्यंत तारा परत जागेवर आलेला असतो आणि आपण त्याला नव्याने ढकलून देतो. दोन-तीन सेकंदांचे एक्स्पोजर ठेवले की नाच सरासरीत जिरतो. चूक पिक्सेलच्या मापाच्या निम्म्याच्या आसपास राहिली तर तारे गोल येतात. तेवढे झाले की आकड्याचा नाद सोडावा आणि एक्स्पोजर वाढवावेत. फोटोत तारे गोल आहेत, पुढे काय पाहिजे?

उलट ग्राफ खरोखर छान असूनही तारे लांबट येऊ शकतात, आणि तेव्हा पिक्सेलचे भूतही नसते. अशा वेळी एकामागून एक घेतलेले फोटो लावून पाहा. तारे प्रत्येक फोटोत थोडे थोडे एकाच दिशेला सरकत असतील तर गाइड दुर्बीण आणि मुख्य दुर्बीण एकमेकींच्या संदर्भात वाकताहेत. गाइड दुर्बिणीच्या रिंगचा प्लास्टिकचा स्क्रू, सैल फोकसर, बोटाएवढ्या पट्टीवर केलेली जोडणी. गाइड कॅमेऱ्याने आपले काम चोख केलेले असते, फक्त तो ज्या दुर्बिणीवर बसला आहे ती मुख्य दुर्बिणीबरोबर राहिलेली नसते. स्क्रू आवळून भागले तर ठीक. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीला नाही भागले तर मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातला एक कोपरा उचलून गाइड करणारा ऑफ-ॲक्सिस गाइडर घ्यावा. हा खर्च मी मान्य करतो, कारण इथे आधी दोष सापडलेला असतो.

आता थोडे आमच्या घरातले. दर काही महिन्यांनी आमच्याकडे एक मजकूर फिरतो. अल्देबरान, अल्तैर, देनेब, फोमलहौत, ही नावे अरबी, आकाशावर आपला शिक्का आहे. खरे आहे. अब्द अल-रहमान अल-सूफींनी ९६४च्या सुमारास लिहिलेल्या ताऱ्यांच्या ग्रंथात देवयानी दीर्घिकेची नोंद एक छोटा ढग म्हणून केली, हेही खरे. पण हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना सूफींनी काय केले ते माहीत नसते. त्यांनी टॉलेमीच्या यादीतला एकेक तारा पुन्हा डोळ्यांनी पाहून त्याची तेजस्विता स्वतः ठरवली. ताऱ्यांच्या जागा मात्र त्यांनी टॉलेमीच्याच घेऊन काळाचा फरक मिळवला. पुढे समरकंदला उलुग बेग यांनी सूफींबद्दल पूर्ण आदर ठेवून त्या जागा आकाशाशी ताडून पाहिल्या, जुळेनात, तेव्हा हजारावर ताऱ्यांची नव्याने मोजणी केली. १४३७ची त्यांची यादी ती. त्यासाठी त्यांनी सुमारे चाळीस मीटर त्रिज्येची कमान जमिनीत खोदून पक्की केली होती. मापकाचे यंत्र मोठे आणि अचल असले की त्याची स्वतःची चूक कमी, हे त्यांना कळत होते. समरकंदहून न दिसणारे दक्षिणेकडचे काही तारे त्यांनी सूफींकडून घेतले, आणि तसे सांगून घेतले. बसऱ्यातच जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी तर टॉलेमीवरच्या शंकांचे अख्खे पुस्तक लिहिले. त्यांचा वारसा सांगायचा आणि ग्रुपवरच्या सीनिअरची सेटिंग डोळे मिटून टाकायची, हे एकत्र कसे बसते?

एक उदाहरण परक्यांचे घेतो. सूफींच्या त्या छोट्या ढगाचा फोटो ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून घेतला आणि त्यातल्या एका बदलत्या ताऱ्यामुळे तो ढग म्हणजे स्वतंत्र दीर्घिका असल्याचा पुरावा मिळाला. त्या काळी गाइडिंगला सॉफ्टवेअर नव्हते. माणूस थंडीत आयपीसला डोळा लावून तारा तारेच्या फुलीवर धरून ठेवत असे, हाताने. हबल यांचे सहकारी मिल्टन ह्युमासन या कामातले उस्ताद मानले गेले. ते चौदाव्या वर्षी शाळा सोडलेले. आधी त्या डोंगरावर खेचरांवरून सामान वाहत, मग वेधशाळेत झाडलोट करत. त्यांची काही एक्स्पोजर एकाच प्लेटवर अनेक रात्री चालत. कोणाची सेटिंग घेतली असेल त्यांनी?

मला उत्तर मिळेल की सर, काही माउंट खरोखरच वाईट असतात. असतात. वर्म आणि चाकाची पकड कारखान्यातच चुकीची बसवलेली असते. घट्ट असेल तर अडखळते, सैल असेल तर डुलते. बऱ्याच माउंटमध्ये ती दोन-तीन स्क्रूंनी नीट करता येते, कधी जुने ग्रीस काढून नवे लावावे लागते, आणि कधी दातच खराब निघतो. एवढे करून, तीन फेऱ्यांची नोंद घेऊन, तीच उसळी त्याच जागी येत राहिली तर विका. पण विकताना लॉग घेणाऱ्याच्या हातात द्या. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याकडे हराम आहे, आणि ऐब नसताना ऐब आहे असे सांगून दुसऱ्याला विकायला लावणे कशात बसते ते त्या सीनिअर मंडळींनी एखाद्या जाणकाराला विचारून घ्यावे.

माझ्या विद्यार्थ्याच्या ग्राफमध्ये आता आठ मिनिटांची एक लाट उरली आहे, दोन्ही बाजूंना बारा-तेरा आर्कसेकंदांची. पुढच्या अमावास्येला तो गाइडिंग बंद ठेवून, दुर्बीण मध्यान्हरेषेजवळ आणि विषुववृत्ताच्या आसपास रोखून, सलग तीन फेरे नोंदवणार आहे. त्यावरून माउंटला ती लाट शिकवता येईल किंवा वर्मचा स्क्रू पाव आटा हलवून पाहता येईल, आधी कुठले ते नोंद पाहून ठरेल. तोवर त्याला कोणी सेटिंग्ज पाठवू नयेत. पाठवायचेच असेल तर तुमचा लॉग पाठवा, आम्ही शेजारी ठेवून वाचू.